अल्प विजेवरील मोजमाप

1958 साली स्टॉकहोम येथे अभियंता एल्मक्विस्ट यांनी बनविलेला पेसमेकर शल्यविशारद सेनिंग यांनी प्रथमच एका रोग्याच्या शरीरात बसविला. तेव्हापासून या यंत्राच्या निर्मात्यांना एक चिंता सोडीत नाही. बॅटरी संपली की रोग्याला पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. म्हणून आत खर्च होणाऱ्या विजेचा काटेकोर हिशेब ठेवावा लागतो.

हृदयाचा विद्युत्संकेत काही मिलिव्होल्टांचा असतो आणि तो अखंड चढत-उतरत राहतो. आजच्या पेसमेकरमधील गणकयंत्राला मात्र केवळ आकडे कळतात. संकेत वर्धित करून त्याचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या मंडलास अ‍ॅनलॉग-डिजिटल परिवर्तक म्हणतात.

त्याची एक रीत सोनाराच्या तराजूसारखी आहे. सोनार एका पारड्यात दागिना ठेवून दुसऱ्यात मोठे वजन टाकतो. ते जड झाले तर काढतो, हलके पडले तर राहू देतो. मग त्याच्या निम्मे वजन चढवितो. अशा 10 तोलांत 1024 पायऱ्यांपैकी नेमकी एक हाती येते. 1975 साली बर्कली येथील मॅक्क्रिअरी व ग्रे यांनी या वजनांच्या जागी विद्युत्भार साठविणारी धारित्रे योजली. प्रत्येक धारित्र आधीच्याच्या निम्मे. त्यांतून अखंड प्रवाह वाहत नाही, आणि तुलना करणारे मंडलही एकच पुरते.

विजेचा दाब निम्मा केला, तर धारित्र भरण्याचा खर्च चौथाईवर येतो. मग दाब कमी करीत का जाऊ नये? अडचण अशी की, संकेतही निम्मा होतो. उष्णतेमुळे उठणारी खरखर मात्र तशीच राहते. ती निम्मी करावयाची तर धारित्र चौपट मोठे घ्यावे लागते, आणि वाचविलेली सगळी वीज पुन्हा खर्ची पडते. शिवाय ट्रान्झिस्टरला वाहता होण्यास ठरावीक किमान दाब लागतो. पुरवठा त्याच्या दुपटीच्या आसपास उतरला, की मधल्या दाबाचा संकेत दाराशीच अडतो. मग आधी भरून ठेवलेल्या धारित्राचा दाब जोडून ते दार उघडावे लागते.

तेव्हा खरी काटकसर कोठे आहे? ती आहे गरजेपुरतेच मोजण्यात. ठोका पडला की नाही, हे ओळखण्यास थोड्या पायऱ्या पुरतात. इतक्या स्थूल मोजणीत ती खरखर एका पायरीहून पुष्कळच लहान असते. म्हणून तेथे दाब उतरविल्याचा लाभ पदरात पडतो. हृदयाची गतीही मंडलाच्या मानाने अतिशय संथ असते. त्यामुळे दोन मोजण्यांच्या मधल्या काळात परिवर्तकाला निजविता येते. फक्त त्या झोपेत होणारी विजेची सूक्ष्म गळती आवरावी लागते. या मंडलाची आखणी करणारा अभियंता म्हणूनच प्रथम दाब ठरवीत नाही. किती बारीक आणि किती वेळा मोजावयाचे, हे तो आधी वैद्याला विचारतो.