गाडीचा सेल्फ लागत नाही तेव्हा

बचत गटाच्या बैठकीत आपण कर्ज, हप्ता, व्याज यांवर पुष्कळ बोलतो. आज मी त्या हप्त्यावर घेतलेल्या जुन्या गाडीबद्दल बोलणार आहे.

निफाड तालुक्यातल्या आमच्या एका गटाने जुनी डिझेल पिकअप घेतली. गटातल्याच एक वहिनी ती चालवतात. जानेवारीतली पहाट होती. गाडीत लाल कांदा भरलेला, लासलगावच्या सकाळच्या लिलावाला पोचायचं होतं. वहिनींनी चावी फिरवली तर नुसतं ‘खट्’. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘खट्’. शेवटी दुसरी गाडी भाड्याने आणून माल पाठवला. दुपारी मेकॅनिक आला, गाडीकडे नीट न बघताच म्हणाला, “सेल्फ गेलाय.” सेल्फ बदलला, साडेचार हजार दिले. आठ दिवसांनी पुन्हा तेच ‘खट्’.

त्या महिन्याची बैठक मला विसरता येत नाही. “हिला गाडी सांभाळता येत नाही, चावी एखाद्या पुरुषमाणसाकडे द्या,” असं आपल्याच बायका बोलल्या. वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. पुढे एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दहा मिनिटांत दोष शोधला. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर आतून हिरवी पडून सडली होती. तीनशे रुपयांत काम झालं. जुना सेल्फ चांगला होता आणि वहिनींची तर काहीच चूक नव्हती.

म्हणून आज एवढंच समजून घेऊ, की गाडी सेल मारत नाही तेव्हा कोणत्या क्रमाने बघायचं. दुरुस्ती मिस्त्री करेल, पण पैसे देण्याआधी दोष कुठे असावा हे आपल्याला कळलं पाहिजे.

पहिल्यांदा दोन तक्रारी वेगळ्या करा. चावी फिरवल्यावर इंजिन ‘घर्र घर्र’ फिरतं, पण सुरू होत नाही, ही एक. तिथे डिझेल, फिल्टर, हवा धरणं असं काही असतं. दुसरी म्हणजे इंजिन जागचं हलतच नाही. आजचा विषय ही दुसरी.

पूर्वी जीपला पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवावं लागायचं. हँडल उलटं फिरलं तर हात मोडायचा. अमेरिकेत 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत हे काम पहिल्यांदा विजेच्या मोटरकडे आलं. गाडी स्वतःच सुरू होते म्हणून ती मोटर ‘सेल्फ स्टार्टर’, आणि आपला ‘सेल्फ’ तोच. त्यामुळे काम हलकं झालं, पण ते बॅटरीच्या जिवावर.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हेडलाइटचे दोन दिवे मिळून साधारण दहा अँपिअर वीज घेतात. डिझेल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना शेकडो अँपिअर ओढतो. आपल्या ठिबकचं उदाहरण घ्या. नळीत क्षार साचले तरी थेंब थेंब पाणी येत राहतं, पण त्या नळीने हौद भरायचा म्हटलं तर भरत नाही. तसंच गंजलेल्या वायरीतून दिवे लागतात, सेल्फ फिरत नाही. म्हणून “लाइट लागतायत म्हणजे बॅटरी आणि वायर ठीक आहेत” हे म्हणणं चुकीचं आहे.

तपासणी सुरू करण्याआधी गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा. पदर खोचून घ्या. हातातल्या धातूच्या बांगड्या आणि अंगठी काढा, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घ्या. बॅटरीच्या दोन टोकांना धातू एकदम लागला तर तो क्षणात लाल होतो. बॅटरीजवळ काडी पेटवू नका, तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. बॅटरीचं ॲसिड हाताला लागलं तर भरपूर पाण्याने धुवा.

आता हेडलाइट लावा. एकीने चावी फिरवायची, दुसरीने समोर उभं न राहता बाजूने दिव्याकडे बघायचं आणि आवाज ऐकायचा.

दिवे लागतच नाहीत किंवा अगदी मंद लागतात, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचं टर्मिनल सुटलं आहे.

दिवे चांगले लागतात, पण चावी फिरवताच विझू विझू होतात आणि ‘खट् खट् खट् खट्’ असा आवाज येतो, तरीही संशय बॅटरीवर आणि टर्मिनलवरच. थंडीत हे जास्त होतं. गारठ्यात बॅटरीची ताकद घटते आणि ऑइल घट्ट होऊन इंजिन जड होतं. निफाडचा पारा किती खाली जातो हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको.

दिवे तसेच लख्ख राहतात आणि एकदाच ‘खट्’ होतं, तर अर्थिंगची वायर, सेल्फवरचा सोलेनॉइड किंवा सेल्फमधले कार्बन बघायचे. आमच्या गाडीचं हेच होतं.

दिवे लख्ख आणि आवाज अजिबात नाही, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाही. चावीचा स्विच, फ्यूज, रिले किंवा सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर तपासायची.

सेल्फ ‘सुईं’ करून नुसताच फिरतो आणि इंजिन हलत नाही, तर सेल्फचं बेंडिक्स सटकतंय.

एकदाच ‘खट्’ होऊन दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी-टर्मिनल बघून झाल्यावर सेल्फ किंवा इंजिन जाम आहे का ते बघावं लागतं. गाडी ओढ्याच्या पाण्यातून नेल्यावर बंद पडली असेल, तर पुन्हा चावी फिरवू नका आणि धक्काही मारू नका. सिलेंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, आतला रॉड वाकतो आणि खर्च कितीतरी पटीने वाढतो.

यातलं आपल्या हातचं काम म्हणजे टर्मिनल साफ करणं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचते. काढताना आधी वजा खुणेची वायर काढा, लावताना ती शेवटी लावा. म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून टर्मिनल धुवा. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. मग पॉलिश पेपरने घासून चमकवा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलिन लावा.

अर्थिंग तपासायलाही सोपी युक्ती आहे. एका बॅटरीवरून दुसरी गाडी सुरू करायची जाड जंपर वायर घ्या. तिचं एक टोक आपल्या बॅटरीच्या वजा टर्मिनलला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या, स्वच्छ धातूला लावा. पंखा आणि पट्ट्यापासून वायर लांब ठेवा. आता चावी फिरवा. इंजिन फिरलं, तर जुनी अर्थिंगची वायर खराब आहे. सेल्फ बदलायची गरज नाही.

गटाने एक साधा मल्टीमीटर घ्यावा असं मी सुचवते. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे. 12.2 म्हणजे साधारण निम्मी. 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. चावी फिरवताना आकडा 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी दमली आहे. गाडी चालू असताना 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. तेवढे दिसले नाहीत तर डायनामो बॅटरी भरत नाही, आणि नवी बॅटरी टाकली तरी तीही उतरेल.

आणखी दोन गोष्टी. चावी एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. मध्ये मिनिट-दोन मिनिटं थांबा, नाहीतर चांगला सेल्फही जळतो. धक्का मारून जुनी डिझेल गाडी सुरू होते, पण इंजिन बंद असताना ब्रेक फार जड लागतो. म्हणून उतारावर हा प्रयोग नको, आणि भरलेल्या गाडीने तर नकोच.

मैत्रिणींनो, आपल्या नाशिकच्या कारखान्यांत गाड्या तयार होतात. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत आपल्या घरची माणसं कामाला आहेत. तरी गाडीचं बॉनेट उघडलं की आपण दोन पावलं मागे सरतो. आमच्या त्या गटाने आता गाडीची वेगळी वही ठेवली आहे. बॅटरी कधी घेतली, टर्मिनल कधी साफ केलं, गाडी कधी अडली, आवाज कसा आला, दिवे मंदावले का, सगळं तारखेसह लिहितात. मिस्त्रीला “गाडी चालू होत नाही” एवढंच न सांगता “एकदाच खट् होतं, दिवे लख्ख राहतात” असं सांगतात. काढलेला जुना भाग परत मागून घेतात.

चावी अजून वहिनींकडेच आहे. पुढच्या बैठकीत तुमच्याही गाडीचं बॉनेट एकदा सगळ्यांनी मिळून उघडा आणि अर्थिंगची वायर कुठे आहे ते शोधा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.