नव्याकोऱ्या क्रूझच्या पहिल्या फेऱ्या

नवं जहाज बघितलं की आमच्यासारख्या वेड्यांना राहवत नाही! पण बुकिंगआधी थोडं समजून घ्या.

'आयकॉन ऑफ द सीज'चंच बघा. फिनलंडमधल्या तुर्कूच्या गोदीत बांधलेलं हे वीस डेकचं जहाज नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीच्या ताब्यात आलं आणि २७ जानेवारी २०२४ ला मायामीहून पहिल्या सफरीवर निघालं. मधल्या दोन महिन्यांत सामान भरायचं, हजारोंच्या कर्मचारीवर्गाला तयार करायचं!

म्हणून सुरुवातीच्या फेऱ्यांत घडी बसलेली नसते. नव्या इमारतीत ताबा मिळाल्यावरही सुतार-प्लंबर फिरत असतात ना, तसंच. केबिनचा एसी रुसतो, कपाटाचं दार अडकतं, जेवणाला उशीर होतो. वेटरलाच लिफ्ट कुठे आहे ते शोधावं लागतं! एखादं रेस्टॉरंट बंदही असू शकतं. केबिनमध्ये शिरल्या शिरल्या नळ, फ्लश, प्लग तपासा. तक्रार पहिल्याच दिवशी नोंदवा.

मजाही तेवढीच. जहाज नव्या बंदरात पहिल्यांदा लागलं की अनेकदा पाण्याच्या फवाऱ्यांनी स्वागत होतं, कॅप्टन आणि बंदराचे अधिकारी स्मृतिचिन्हं देतात-घेतात. त्यासाठी पहाटे डेकवर जागा धरावी, असं माझं ठाम मत.

आणि हो, गोदीतलं काम लांबलं तर पहिल्या तारखा रद्दही होतात. विमानाचं तिकीट परतावा मिळणारंच काढा.