खूण पडद्यावर, चित्रपट तिजोरीत

मराठवाड्यातील जत्रांमधून फिरत्या चित्रपटगृहांचे तंबू पडत, त्या काळी प्रेक्षकांपैकी पुष्कळांना पडद्यावरील अक्षरे वाचता येत नसत. पण त्यामुळे काही अडत नसे. दिवे मालवले, तुतारी फुंकणारी स्त्री पडद्यावर दिसली, की चित्र ‘प्रभात’चे आहे हे लहानथोरांना उमगे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या त्या कंपनीचे बोधचिन्ह ही नुसती शोभा नव्हती. पुढे जे दिसणार आहे त्याची जबाबदारी कोणाची, हे त्यातून आधीच सांगितले जाई.

आज तोच ‘संत तुकाराम’ कोणी दाखवावयाचे ठरविले, तर तुतारीच्या आधी आणखी एक खूण येण्याचा संभव असतो. जगभरच्या चित्रपट-संग्रहालयांनी आपण सांभाळलेल्या चित्रांच्या आरंभी स्वतःचे हलते बोधचिन्ह जोडण्याचा प्रघात पाडला आहे. दोन-चार क्षणांचा तो खेळ प्रेक्षकाला बहुधा कंटाळवाणा वाटतो. परंतु निर्मात्याची खूण ‘हे आम्ही केले’ असे सांगते, तर संग्रहालयाची खूण ‘हे आम्ही नष्ट होऊ दिले नाही’ असे सांगते. आणि आपल्याकडे हे दुसरे विधान पहिल्याहून दुर्मीळ आहे.

मूकपटांच्या युगात या देशात दीड हजारांहून अधिक चित्रे तयार झाली. त्यांतील हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आज टिकून आहेत. १९३१ च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत उरलेली नाही. जुन्या फिती नायट्रेटच्या, म्हणजे ठिणगी पडताच भडकणाऱ्या आणि न पेटल्या तरी आपोआप कुजणाऱ्या. ज्या कुजल्या नाहीत, त्यांतील कित्येक चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या. अशा स्थितीत १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले, आणि पी. के. नायर यांनी निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९९१ पर्यंत, गावोगाव हिंडून डबे गोळा केले. दादासाहेब फाळक्यांच्या चित्रांचे अवशेष फाळके कुटुंबीयांकडून मिळविले तेही त्यांनीच. इतके करूनही २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फितींच्या भांडाराला आग लागलीच.

संग्रहालयाची खूण ही अशी साक्ष असते, म्हणूनच ती जपून दिली पाहिजे. ‘राजा हरिश्चंद्र’चेच पाहा. १९१३ च्या त्या चित्राची पहिली व शेवटची रिळे शिल्लक आहेत असे आपण शाळेत शिकलो. परंतु ती १९१७ च्या पुनर्निर्मित चित्राची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. अशा प्रसंगी शिक्का मारणाऱ्याने शंका झाकून चालत नाही. तसेच नव्या शिक्क्याने जुना पुसता कामा नये. प्रती विकणाऱ्यांनी आरंभीची बोधचिन्हे व परिनिरीक्षण मंडळाची प्रमाणपत्रे कापून तेथे आपली नाममुद्रा चिकटविल्याची उदाहरणे थोडी नाहीत. तुतारीवाली कापली, की इतिहासाचे एक पान फाटले.

२०२२ साली हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. त्याच वर्षी सुमारे २,२०० चित्रांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा झाली. रक्कम लहान नाही, आणि तिच्याबद्दल तक्रार करण्याचेही कारण नाही. तथापि महामंडळाचे काम चित्रे काढण्याचे व विकण्याचे, तर संग्रहालयाचे काम न विकली जाणारी चित्रेही राखण्याचे. दोन्ही नावे एका पाटीवर आली, तेव्हा कोणते नाव कोणाला झाकणार, हा प्रश्न केवळ चित्रकाराने सोडविण्याचा नव्हे.

याहून मोठा प्रश्न मात्र मुदखेडसारख्या गावांचा आहे. मुदखेड हे काही आडवळणाचे खेडे नाही. येथे आदिलाबादचा व निजामाबादचा असे दोन लोहमार्ग फुटतात. येथील फुलशेती दूरवर ठाऊक आहे. पण येथील एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने ‘संत तुकाराम’ स्वच्छ प्रतीत, मोठ्या पडद्यावर, चार माणसांत बसून पाहावयाचे म्हटले, तर त्याने कोठे जावे? १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविले गेलेले हे चित्र. वारकऱ्यांच्या या मुलखात त्याला प्रेक्षक मिळणार नाही, असे कोण म्हणेल? भ्रमणध्वनीवर अंधूक, कापलेली, कोणाची तरी नाममुद्रा कोपऱ्यात नाचत असलेली प्रत मिळते, आणि तीच खरी असे नवी पिढी समजते.

हे अशक्य कोटीतील मागणे आहे असेही नाही. कर्नाटकात शिवमोगा जिल्ह्यातील हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम’ संस्थेसाठी नायर यांनी संग्रहालयाची चित्रे पाठविली. सुपारीच्या बागांत राबणाऱ्या माणसांनी परभाषेतील, परदेशांतील चित्रे पाहिली आणि त्यांवर वाद घातले. फिल्म सोसायट्यांना चित्रे पाठविणारा विभाग संग्रहालयाने त्याच हेतूने चालविला होता. तेव्हा जड रिळांच्या पेट्या आगगाडीने न्याव्या लागत. आता पेट्या लागत नाहीत. पडदा व प्रक्षेपक शाळा-महाविद्यालयांतही असतात. हेग्गोडूला मागणारी एक संस्था होती आणि पुण्यात देणारा एक माणूस होता. मुदखेडच्या शिक्षकांनी मागणीचे पत्र पुण्याला धाडले, तर ते आज कोणत्या मेजावर जाईल, एवढे तरी महामंडळाने जाहीर करावे.