परवाना कशाचा होता?

वर्तमानपत्राच्या कचेरीत आरोग्याचं बीट बहुधा सगळ्यात नव्या पोरापोरींच्या गळ्यात पडतं. राजकारण आणि गुन्हेगारी जुन्याजाणत्यांकडे. यांच्या वाट्याला येते ती कुठल्याशा गुणकारी काढ्याची प्रेसनोट. सोबत तयार फोटो, आणि सातच्या आत बातमी सोडा असा तगादा. अशा वेळी फोन कोणाला लावायचा, हे पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात क्वचितच शिकवलं जातं.

२३ जून २०२० चा दिवस त्यासाठी वाचावा. त्या दिवशी हरिद्वारला पतंजलीनं 'कोरोनिल' बाजारात आणलं. सात दिवसांत शंभर टक्के रुग्ण बरे, असा दावा होता, आणि वाहिन्यांनी तो घरोघरी पोचवला. खरी बातमी मात्र मंचावर नव्हतीच. ती उत्तराखंडच्या आयुर्वेद विभागाच्या फायलीत होती. परवाना दिला होता तो प्रतिकारशक्ती, खोकला आणि तापावरच्या औषधाला. अर्जात कोरोनाचं नावही नव्हतं, असं तिथल्या अधिकाऱ्यानं लगेच सांगून टाकलं. आयुष मंत्रालयानंही त्याच दिवशी जाहिराती थांबवायला लावून चाचणीचे कागद मागवले.

चाचणी जयपूरला झाली होती, शंभराच्या आसपास रुग्णांवर, आणि गंभीर रुग्ण त्यात नव्हते. सौम्य कोरोनाचे बहुतेक लोक तसेही आठवडा-दोन आठवड्यांत उठून बसत होते. मग औषधानं नेमकं काय केलं? हे विचारायला डॉक्टर असावं लागत नाही.

घाई उलट्या बाजूनंही होते. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली: गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा जण. टाळेबंदीत बाल्कनीतली गुळवेल कापून काढे उकळणाऱ्या घरांना धक्काच बसला. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे आधी तपासायला हवं होतं. मुद्दा चुकीचा नाही, पण त्यानं सहा यकृतांचं दुखणंही खोटं ठरत नाही. बाजारात गुळवेल म्हणून दुसरीच वेल विकली जात असेल, तर ती बातमी अधिक मोठी. इथं बातमीदाराचं काम अगदी घरगुती प्रश्नांचं आहे: वेल कुंडीतली की दुकानातली पावडर? किती दिवस घेतली? आधीपासून यकृताचा किंवा थायरॉइडचा त्रास होता का?

आणि झाडपाल्याकडे नाक मुरडणाऱ्या तरुण बातमीदारांनी रुस्तम जाल वकील यांचं नाव ध्यानात ठेवावं. सर्पगंधा वैद्यांच्या बटव्यात होतीच. मुंबईच्या या हृदयरोगतज्ज्ञानं ती उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन दाब मोजला, आकडे लिहून ठेवले आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. जगभरचे डॉक्टर या मुळीकडे वळले ते त्या आकड्यांमुळे.

पुन्हा पतंजलीकडे येऊ, कारण एक अवघड जागा राहिली. फसव्या जाहिरातींच्या खटल्यात एप्रिल २०२४ मध्ये कंपनीनं ६७ वर्तमानपत्रांत माफीनामा छापला. तो तुमच्या जाहिरातींएवढ्याच आकाराचा आहे का, असं सर्वोच्च न्यायालयानं विचारलं. त्या जाहिराती छापल्या होत्या वर्तमानपत्रांनीच, आणि त्याच पैशातून बातमीदाराचा पगार निघतो. औषधे आणि जादूटोण्याच्या उपायांविषयीचा १९५४ चा कायदा मधुमेह, कर्करोग, रक्तदाब अशा आजारांवरच्या औषधांच्या जाहिरातींना मनाई करतो, आणि ती मनाई जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यालाही लागू आहे. तरी 'मधुमेह मुळापासून बरा' आतल्या पानांवर दिसतंच. तुमच्या पेपरात दिसलं, तर कात्रण तारखेसह जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.