लोखंडावर जगणारे खाणकामगार

स्पेनच्या उएल्वा प्रांतातली रिओ टिंटो नदी गडद तांबडी आहे. पाण्याचा सामू 2 च्या आसपास, म्हणजे जवळपास लिंबाच्या रसाइतका आंबट. उगमाकडच्या टेकड्यांत रोमनांच्याही आधीपासून खाणी आहेत. खाणीतून झिरपणाऱ्या पाण्यात भंगार लोखंड टाकलं की त्यावर तांब्याचा थर चढतो, हे तिथल्या खाणवाल्यांना अनुभवाने माहीत होतं. दगडातलं तांबं पाण्यात उतरवतं कोण, याचा उलगडा मात्र विसाव्या शतकात झाला.

1947 मध्ये कोल्मर आणि हिंकल या अमेरिकी संशोधकांनी कोळसाखाणीच्या आम्लयुक्त पाण्यात एक जिवाणू दाखवून दिला. आज त्याला ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स म्हणतात. त्याला ऊन लागत नाही, साखर लागत नाही. फेरस लोहाचं फेरिक करताना मिळणाऱ्या ऊर्जेवर तो जगतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून आपलं शरीर घडवतो. तयार झालेलं फेरिक लोह सल्फाइड खनिजावर तुटून पडतं, त्यातला धातू पाण्यात मोकळा करतं आणि स्वतः पुन्हा फेरस होतं. जिवाणूचं ताट परत वाढलेलं! इतक्या आंबट पाण्यात लोहाचं हे ऑक्सिडीकरण आपोआप फारच मंद होतं. जिवाणू त्याचा वेग सुमारे 10 लाख पटींनी वाढवू शकतात.

बेवारस खाणींतून वाहून नद्या नासवणारं आम्लही याच क्रियेतून येतं. जिवाणू तेच, रसायनही तेच. ते पाणी अडवून त्यातला धातू काढला तर उद्योग, सोडून दिलं तर विष.

सोन्याची गोष्ट जरा वेगळी. दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टनजवळच्या फेअरव्ह्यू खाणीत सोन्याचे अतिसूक्ष्म कण पायराइट आणि आर्सेनोपायराइट या सल्फाइड खनिजांमध्ये कोंडलेले असतात. सोनं विरघळवणारं सायनाइड त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. असं खनिज पूर्वी भाजत, तेव्हा गंधकाचा आणि आर्सेनिकचा धूर हवेत जाई. 1986 पासून तिथे सुमारे 40 अंश सेल्सिअसच्या टाक्यांत जिवाणू हे कवच काही दिवसांत फोडतात. नंतर सायनाइड लागतंच, पण भट्टीचा धूर टळतो आणि आर्सेनिक घनरूपात साचवता येतं.

इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातून धातू काढणं याहून अवघड. सर्किट बोर्डांत सल्फाइड नाही, म्हणजे जिवाणूंना खाद्य नाही. लोह बाहेरून पुरवावं लागतं, शिवाय विरघळलेले धातू त्यांनाच बाधतात. क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम हा जिवाणू स्वतःच सायनाइड बनवून सोनं विरघळवतो, पण अगदी थोडं.

जिवाणूंकरवी धातू काढण्याचं हे तंत्र पर्यावरणस्नेही म्हणून पुढे केलं जातं, तेव्हा पाणी कसं अडवणार, हा पहिला प्रश्न असायला हवा. फिनलंडमधल्या सोत्कामोच्या तालविवारा खाणीने तो किती गंभीर आहे ते दाखवलं. तिथल्या काळ्या शिस्ट खडकात निकेल जेमतेम पाव टक्का. 2008 पासून फोडलेल्या खनिजाचे ढीग रचून वरून आम्लयुक्त पाणी आणि खालून हवा सोडली जाऊ लागली. खनिजाच्या ऑक्सिडीकरणाची उष्णताच इतकी, की कडाक्याच्या हिवाळ्यातही ढिगांचा गाभा गोठत नाही. पण नोव्हेंबर 2012 मध्ये खाणीतल्या जिप्समयुक्त गाळाचं तळं गळलं आणि निकेल, युरेनियम असलेलं पाणी आसपासच्या जलाशयांत शिरलं. 2014 मध्ये खाण दिवाळखोरीत गेली. 2015 मध्ये ती सरकारी मालकीच्या टेराफेम कंपनीकडे आली. तिथले ढीग आजही जिवाणूंच्याच भरवशावर चालतात, आणि 2021 पासून खाणीशेजारीच बॅटरीसाठी निकेल सल्फेट तयार होतं.