मोठी दुर्बीण मैदानात न्यायची कशी?

शाळेसाठी किंवा मोहल्ल्यासाठी दुर्बीण घेताना आपण आरसा किती इंची आणि किंमत किती, एवढंच विचारतो. ती बाहेर नेणार कोण, हे राहूनच जातं. मग दोन-चार वेळा उचलून कंबर धरली की दुर्बीण कपाटामागे जाते आणि मुलं-मुली चाँद-तारे पुस्तकातच पाहतात.

मोठ्या दुर्बिणींत डॉब्सोनियन स्वस्त आणि साधी. जॉन डॉब्सन यांनी 1960 च्या दशकात ती सॅन फ्रान्सिस्कोत लोकप्रिय केली. ते फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवत. 8 इंची दुर्बिणीचं वजन साधारण 20 ते 25 किलो, म्हणजे भरलेल्या गॅस सिलिंडरपेक्षा थोडं कमी. 12 इंची त्याहून बरीच जड.

न्यायचे मार्ग तीन:

१. दोन फेऱ्या. आधी बैठक, मग नळी. खर्च शून्य. जिना, गच्ची किंवा गाडीतून चिखलदऱ्याला जायचं असेल तर हाच मार्ग.

२. लहान चाकांची पाटी. फरशीवर, सिमेंटच्या अंगणात उत्तम. पण आपल्या वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथे ही चाकं अडकतात.

३. दांड्यांची गाडी. बैठकीला दोन लांब दांडे आणि हवेची मोठी चाकं. वेल्डिंगवाला बनवून देतो. खडबडीत मैदानातही एक माणूस ओढू शकतो, पण जिन्यावर निरुपयोगी.

जागेवर पोचल्यावर बैठक चाकांवर ठेवू नका, पाय जमिनीला टेकवा. 100 पट मोठं दिसतं तेव्हा हादराही 100 पट दिसतो. हादऱ्यांनी आरसा सरकतो, म्हणून तो जुळलेला आहे का ते तपासा. आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला अर्धा-एक तास द्या.

ईदचा चाँद दुर्बिणीतून शोधायचा असेल तर सूर्य पूर्ण मावळू द्या. सूर्याकडे वळलेली दुर्बीण क्षणात डोळा घालवते. मुलांना तिच्याजवळ एकटं सोडू नका.

म्हणून पैसे देण्याआधी आपण खोलीपासून मैदानापर्यंत एकदा चालून पाहू. पायऱ्या किती, दार किती रुंद, जमीन कशी? बहुतेक शाळांना आम्ही 8 इंची आणि दोन फेऱ्याच सुचवू. कपाटामागच्या 12 इंचीपेक्षा दर आठवड्याला बाहेर निघणारी 8 इंची मुलांना जास्त आकाश दाखवते.