कंबरेची गोळी रक्तात काय करते?

डोक्यावर घागर घ्यायची तर खाली चुंबळ लागते. आपल्या पाठीच्या कण्यातही तशीच सोय आहे. दर दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ चकती असते. वय वाढते, ओझी उचलावी लागतात, आणि चकती झिजते. कधी ती फुगून बाहेर येते व नसेला टेकते. मग कंबरेपासून पायापर्यंत कळ जाते. तिथे सूजही येते.

अशा वेळी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन ही गोळी देतात. सुजेच्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते. त्याने दुखणे वाढते. गोळी ते द्रव्य होऊ देत नाही. ॲस्पिरिनचे काम असेच चालते, हे इंग्लंडातल्या जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले.

पण मंडळी, हेच द्रव्य जठराचे अस्तर राखते. मूत्रपिंडाला रक्तही पुरवू देते. गोळीला कंबर कोणती नि पोट कोणते हे काय कळणार? ती सगळीकडेच अडवते. फार दिवस घेतली तर जठराला जखम होऊन आत रक्त झिरपू शकते. मग रक्तातले हिमोग्लोबिन उतरते. मूत्रपिंड मंदावले तर क्रिएटिनिन चढते.

सुजेची खूणही रक्तात दिसते. त्यासाठी ईएसआर तपासतात. बारीक उभ्या नळीत रक्त ठेवायचे, आणि तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचे. अंगात सूज असली की त्या एकमेकींना चिकटून लवकर बसतात. नुसती चकती सरकली असेल तर हा आकडा बहुधा फार चढत नाही. मणक्याचा क्षय असेल तर बहुधा चढतो. गोळीने कळ थांबते, तापही उतरतो, पण क्षय आत तसाच राहतो. म्हणून डॉक्टर रक्त बघतात.

आम्हीही एकदा शहाणपणा केला. दुकानातून गोळ्या आणून दोन महिने खाल्ल्या. कंबर बरी वाटली, पण पाय सुजले. रक्त तपासले तर क्रिएटिनिन वाढलेले. डॉक्टरांनी विचारले, "गुरुजी, कोणती गोळी घेता?" आम्ही खिशातले रिकामे पाकीट काढून दाखविले. ते पाहून त्यांनी गोळी त्याच दिवशी बंद केली. महिन्याने आकडा खाली आला. कंबर अजून अधूनमधून दुखते.